प्रेअरीवरची ओसाड शेतघरं: पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उन्हात फोटो कसे काढावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदाच पुण्याहून कॅनडातल्या रिजायनाला राहायला आलात, शनिवार-रविवारी गाडी काढून सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागातल्या ओसाड शेतघरांचे फोटो काढता. वेळ साधून, म्हणजे सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला जाऊनही एक तर आभाळ पांढरं फटक पडतं, नाहीतर घर काळं ठिक्कर; आणि एकूणच सगळे फोटो सपाट वाटतात. लेन्स कोणती घ्यावी, घराच्या आत शिरलं तर चालतं का आणि ड्रोन घेऊ का, असंही विचारलंय.

लेन्सचं शेवटी बघू. आधी सूर्याकडे पाठ करून उभं राहायची सवय लावा. तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मावळता सूर्य फ्रेममध्ये घेतला की घराची आपल्याकडची भिंत सावलीत जाते, आणि आभाळ व भिंत यांच्या उजेडात एवढी तफावत पडते की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाही. समोर एवढं मोठं मोकळं क्षितिज आणि त्यावर लालभडक सूर्य, त्यामुळे सगळे तिकडेच तोंड करतात. पण प्रेअरीची, म्हणजे या सपाट गवताळ मुलखाची, खरी श्रीमंती त्याच्या विरुद्ध बाजूला असते. सूर्यास्ताच्या आधीची दहा मिनिटं घराच्या पश्चिम भिंतीवर ऊन पडतं तेव्हा वर्षानुवर्षं रंग न लागलेल्या करड्या फळ्या तांब्यासारख्या दिसतात, आणि मागचं पूर्वेचं आभाळ तेवढ्यात निळं गडद व्हायला लागलेलं असतं. भिंत उजळ, आभाळ गडद. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसतात. सूर्य बुडाला की लगेच निघू नका. आकाश निरभ्र असेल तर पूर्वेला क्षितिजालगत करडा-निळा पट्टा वर चढताना दिसतो. ती पृथ्वीची सावली. तिच्या वर फिका गुलाबी पट्टा असतो. आपल्याकडे डोंगर, झाडं, इमारती आड येतात म्हणून तो अखंड क्वचित दिसतो. इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो, आणि त्यापुढे उभं एकटं कोठार फार सुंदर येतं. पहाटे हेच सगळं पश्चिमेला घडतं, सूर्य उगवायच्या आधी.

दुसरी गोष्ट वेळेची. पुण्यात सूर्य जवळपास सरळ वर चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला २५-२७ मिनिटं लागतात आणि कोवळं ऊन संपतं. रिजायना ५० अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य क्षितिजाला घासत तिरका वर येतो, आणि जूनमध्ये तेवढेच सहा अंश चढायला पाऊण तास घेतो. संधिप्रकाशसुद्धा पुण्याच्या जवळपास दुप्पट वेळ टिकतो. त्यामुळे आपल्याकडे लागलेली घाईची सवय इथे मोडायला हवी. एका घराचे चार फोटो काढून पुढच्या घराकडे पळू नका. एकाच घरापाशी थांबा, त्याच्याभोवती फिरा, ऊन कुठल्या भिंतीवरून कुठे सरकतंय ते बघत राहा. जूनमध्ये पाचच्या आधीच सूर्य उगवतो आणि रात्री सव्वानऊला मावळतो, तेव्हा झोपेचं गणित बिघडतं हे खरं. डिसेंबरात मात्र नऊच्या सुमारास उगवतो, पाचला मावळतो आणि भर दुपारीही फक्त १६ अंश वर असतो. म्हणजे हिवाळ्यात अख्खा दिवस तिरप्या उन्हाचा! थंडीला न घाबरणाऱ्यांसाठी फोटोग्राफीचा खरा हंगाम हाच.

आता दिशा. माझ्या मते इथल्या फोटोग्राफीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती समजून घ्यायला या जमिनीची मोजणी समजून घ्यावी लागते. १८७० च्या दशकापासून हा सगळा मुलूख चौकटीत आखला गेला. एक चौरस मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. त्याचा पाव हिस्सा म्हणजे क्वार्टर, १६० एकर. १८७२ च्या डॉमिनियन लँड्स अ‍ॅक्टखाली दहा डॉलर भरून हा क्वार्टर नावावर मागता यायचा. तीन वर्षं तिथे राहून जमीन कसली की मालकी मिळायची. सस्कॅचेवानमध्ये उत्तर-दक्षिण रस्त्याची जागा दर मैलाला सोडली आणि पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना. घरं बांधणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी रस्त्याला समांतर बांधली. म्हणून इथलं कुठलंही जुनं घर घ्या, त्याच्या चार भिंती बहुधा बरोबर चार दिशांना असतात.

याचा उपयोग असा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बराच ईशान्येला उगवतो आणि तितकाच वायव्येला मावळतो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर याच दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त ऊन येतं. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ती सावलीतच. एखाद्या घराची चांगली बाजू उत्तरेला असेल, दरवाजा किंवा ओसरी तिकडे असेल, तर जून-जुलै गाठा. डिसेंबरात उलट: सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, आणि सगळी मदार दक्षिणेच्या भिंतीवर. मधल्या काळात, २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास, सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. तेव्हा पूर्व-पश्चिम रस्त्याच्या टोकाशी तो रुळांमधून वर यावा तसा येतो, आणि घराच्या पूर्वेच्या खिडकीतून शिरलेलं ऊन समोरासमोर खिडक्या असतील तर पश्चिमेच्या खिडकीतून आरपार निघतं. या काळात सूर्य उगवायची जागा रोज त्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा थोडी जास्तच सरकते, तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून चालत नाही. रस्त्याच्या मधोमध ट्रायपॉड लावून उभं राहू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तेच ऊन असतं.

भिंतीवर समोरून पडणारं ऊन रंग देतं. पोत देतं ते भिंतीला घासून जाणारं ऊन. विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या, दिवसांत सूर्योदयानंतर थोड्या वेळाने दक्षिणेची भिंत जवळून बघा. ऊन जवळजवळ भिंतीच्या रेषेतच येतं. फळीचा रेशान् रेशा उठून दिसतो, प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा तपकिरी ओघळ, आणि जिथे जुना पांढरा रंग पापुद्र्यांनी उरलाय तिथे एकेका पापुद्र्याची नखाएवढी सावली शेजारच्या फळीवर पडलेली. प्लास्टर गळालेलं असेल तिथे आतल्या बारीक लाकडी पट्ट्या दिसतात. तासाभरात सूर्य पुढे सरकतो, भिंतीवर ऊन भरतं आणि हे सगळं पुसल्यासारखं होतं. तुम्हाला फोटो सपाट वाटतात त्यामागे हेही कारण असणार. ऊन सोनेरी आहे एवढ्यावर समाधान मानलं जातं, ते कुठल्या कोनातून पडतंय हे बघायचं राहून जातं.

सपाटपणाचं आणखी एक कारण कॅमेऱ्याची उंची. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा प्रत्येक वस्तूला बरोबर तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. उभ्याने फोटो काढलात तर ती पाच-साडेपाच फुटांवर, म्हणजे नेमकी घराच्या खिडक्यांतून किंवा दाराच्या मधून जाते, आणि घर मागच्या शेतात रुतल्यासारखं दिसतं. गुडघ्यावर बसा, कॅमेरा दोन फुटांवर आणा. क्षितिज पायथ्याशी जातं, घर पूर्णपणे आभाळावर उभं राहतं. उलट, शेतातल्या पेरणीच्या रेघा किंवा बर्फावर वाऱ्याने उठवलेल्या लाटा दाखवायच्या असतील तर उंच व्हा. बाकी क्षितिज फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवावं वगैरे नियमांचा मी फारसा विचार करत नाही. आभाळात दम असेल तर क्षितिज अगदी तळाशी, एक दशांशावरही चालतं. सस्कॅचेवानच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘लँड ऑफ लिव्हिंग स्काइज’ लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

एक्स्पोजरचं थोडक्यात सांगते. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा आणि उजळ भाग जळू देऊ नका. सावलीतला तपशील नंतर काढता येतो, जळलेलं आभाळ परत येत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा बिचाऱ्या उन्हाचा सोनेरी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. नुसतं शेत आणि आभाळ असेल तर ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) इथे उत्तम चालतो, कारण क्षितिज पट्टीने आखल्यासारखं सरळ असतं. पण घर किंवा एलेव्हेटर (धान्य साठवायचं उंच कोठार) क्षितिजाच्या वर डोकं काढून उभा असला की फिल्टर त्याचं छप्परही काळवंडून टाकतो. तिथे ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन एक्स्पोजर घ्या आणि नंतर जोडा. बर्फात कॅमेऱ्याचा मीटर फसतो, बर्फ राखाडी येतो. एक स्टॉप वाढवून घ्या. आणि सूर्याकडे तोंड करून काढायचाच असेल तर घर काळं पडणार हे आधीच स्वीकारा आणि ज्याची आकृती ओळखू येते तेच निवडा: पाणी उपसायची जुनी पवनचक्की, मोडकी धान्यगाडी, एलेव्हेटर. चौकोनी घराची काळी आकृती काहीच बोलत नाही.

हवामानाबद्दल मात्र मोकळेपणाने लिहायला हवं, कारण इथे निम्मं काम तेच करतं. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. वादळ डोक्यावरून पुढे गेलं की संध्याकाळी अशी स्थिती येते: पूर्वेला काळंकुट्ट आभाळ, पश्चिम मोकळी, आणि तिथून येणारं तिरपं ऊन थेट घरावर. इंद्रधनुष्य पडायचं तर याच वेळी, सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. मला प्रेअरीवरचा सगळ्यात देखणा प्रकाश कुठला असं विचारलं तर मी हाच सांगेन. रडारवर वादळाची मागची कड आणि सूर्यास्ताची वेळ जुळताना दिसली तर निघा, पण वादळाच्या मागून. त्याच्या पुढ्यात जाऊ नका. पावसानंतर डांबर नसलेल्या मातीच्या रस्त्यांवर गाडी घालू नका. रिजायनाभोवतीची चिकण माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्याच जातीची आहे. ओली झाली की चाकाला थापत जाते, गाडी जागची हलत नाही. इथले लोक तिला ‘गंबो’ म्हणतात.

जुलैत कॅनोलाची (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पिवळी शेतं सगळेच काढतात. मला त्याहून जवसाची निळी शेतं आवडतात. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, म्हणून ते दृश्य फक्त सकाळी जाणाऱ्यालाच मिळतं. सप्टेंबरात कापणी चालू असताना कंबाइनच्या (कापणी-मळणी यंत्राच्या) मागे उडणारी धूळ संध्याकाळच्या उन्हात अक्षरशः सोन्याची होते. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, म्हणून शेतांमधल्या डबक्यांत, इथल्या भाषेत ‘स्लू’मध्ये, घराचं प्रतिबिंब बघायचं तर सकाळीच. हिवाळ्यात धुक्याच्या रात्रीनंतर तारांवर, गवतावर, मोडक्या कुंपणावर पांढऱ्या दहिवराचा थर बसतो. ऊन चढलं की गळून पडतो, तेव्हा सूर्योदयालाच तिथे हजर हवं.

आता घरांबद्दल. ही घरं ‘भुताटकीची’ म्हणून काढू नयेत असं मला मनापासून वाटतं. ती का रिकामी पडली हे माहीत असलं की फोटोही वेगळे येतात. १९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळं आणि गव्हाचे कोसळलेले भाव एकदमच आले. तरीही १९३६ मध्ये या प्रांतात १ लाख ४२ हजारांवर शेतं होती. २०२१ च्या गणनेत ती ३४ हजारांच्या आसपास उरली. जमीन ओसाड नाही झाली, ती कसली जातेच आहे. यंत्रं मोठी झाली, एकेक शेत सरासरी सतराशे एकरांच्या वर गेलं, आणि मधली घरं अनावश्यक ठरली. धान्याची रेल्वे वाहतूक स्वस्त ठेवणारं सरकारी अनुदान १९९५ मध्ये बंद झालं, त्यानंतर छोट्या फाट्यांचे रूळ उखडले गेले आणि रुळांकाठचे लाकडी एलेव्हेटर भराभर पाडले गेले. आणि या सगळ्याच्या आधी इथे कोण होतं हेही ध्यानात असू द्या: रिजायना ज्यावर आहे ती जमीन कॅनडा सरकार आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या १८७४ च्या चौथ्या कराराची, क्री, सोतो, नाकोडा लोकांची.

घर पडून गेलं तरी वस्तीची खूण उरते, ती झाडांची. कॅरागानाची कुंपणं आणि लायलॅकची झुडपं. १९०१ पासून इंडियन हेड इथल्या सरकारी रोपवाटिकेतून वारा अडवायला शेतकऱ्यांना रोपं दिली जायची. उघड्या शेतात कुठेही सरळ ओळीत झाडं दिसली की तिथे बहुधा एके काळी कुणाचं तरी अंगण होतं असं समजा. जूनमध्ये तिथे लायलॅक फुलतो. माणसं जाऊन कित्येक दशकं झालेल्या जागी जांभळ्या फुलांचा तो वास, आणि शेजारी घराच्या पायाचे नुसते दगड. हा फोटो मला कुठल्याही पडक्या घराच्या फोटोपेक्षा मोठा वाटतो, आणि तो फारसं कुणी काढत नाही.

आत जाण्याबद्दल स्पष्ट सांगते: परवानगीशिवाय नाही. घर रिकामं असलं तरी जमिनीला मालक आहे. १ जानेवारी २०२२ पासून सस्कॅचेवानच्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीवर पाय ठेवण्याआधी परवानगी घ्यावी लागते. पाटी लावलेली नसली तरी. त्या भागाच्या रूरल म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात जमीनमालकांच्या नावांचा नकाशा मिळतो. तो घ्या, आधी फोन करा किंवा दिवसाउजेडी दार वाजवा. मेमधली पेरणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरातली कापणी या दिवसांत माणसं अठरा तास राबत असतात, तेव्हा बोलणं आटोपशीर ठेवा. बहुतेक लोक हो म्हणतात, आणि घर कुणाचं होतं तेही सांगतात. उभ्या पिकात जाऊ नका. कॅनोलाच्या मुळांना क्लबरूट नावाचा रोग लागतो, तो बुटांना आणि टायरना लागलेल्या मातीतून पसरतो. शेतकऱ्याची काळजी खरी असते. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, गरम सायलेन्सरने आग लागते. आणि फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका. जुन्या फळ्यांना बाजारात भाव आहे, त्या काढून नेणारे असतात.

परवानगी मिळाली तरी मी बहुतेक वेळा दारातूनच काढते. जमिनीच्या फळ्या कुजलेल्या असतात, खाली तळघर असतं, आवारात गवताखाली झाकलेली जुनी विहीर असू शकते. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस होऊ शकतो. इथल्या डिअर माउसमध्ये तो असतो, आणि तो आजार जिवावर बेततो. बंद खोलीत धूळ उडवू नका. वसंतात गवतातून आल्यावर अंगावर गोचीड बघा. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, आणि आपण नेमके त्याच वेळी गाडी हाकत असतो. वेग कमी ठेवा. उणे तीसमध्ये बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. घरी परतताना कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करूनच आत आणा, नाहीतर गरम हवेने त्यावर पाणी धरतं.

लेन्स: एकच घ्यायची तर ७०-२०० मिमीची, दूरचं जवळ आणणारी झूम. इथे सगळं लांब असतं, आणि रस्त्यावरून, कुणाच्या जमिनीत न शिरता, तिच्यानेच काम होतं. दूरचा एलेव्हेटर आणि त्यामागचा चंद्र एकत्र आणायलाही तीच. वाइड लेन्स आभाळ भरून आलेलं असेल तेव्हाच काढा, नाहीतर घर काडेपेटीएवढं दिसतं. ड्रोन मी तुमच्या जागी एवढ्यात घेतला नसता. २५० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनला कॅनडात नोंदणी आणि पायलट सर्टिफिकेट लागतं, राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय बंदी आहे. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे: वरून बघितलं की क्षितिज हरवतं, आणि प्रेअरीवर घराचं एकटेपण क्षितिजामुळेच तर दिसतं.

आत्ता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. पुढच्या तीन आठवड्यांत रिजायनापासून तासाभराच्या अंतरातली दोन-तीन घरं दिवसा जाऊन बघून ठेवा, दिशा होकायंत्राने तपासा, परवानग्या घ्या. २२ सप्टेंबरच्या आठवड्यात त्यातल्या एकाच घरापाशी पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा. नंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा: पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवतो, घरावर अजून ऊन असतं आणि चंद्रातला तपशीलही टिकतो. या अक्षांशावर शरद ऋतूत चंद्रोदय रोज फार थोडाच उशिरा होतो, त्यामुळे ढग आले तरी दुसरी संध्याकाळ हाताशी असते. परवानगीची भानगड नको असेल तर व्हाल मरी गावाजवळचं ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान गाठा. तिथे जुन्या वसाहतींच्या खुणा आहेत, बायसन आहेत, आणि चंद्र नसलेल्या रात्री आभाळ इतकं काळं असतं की सूर्यास्तानंतर दोन तास थांबलात तर आकाशगंगाही मिळेल. तिथे रॅटलस्नेक असतात, तेव्हा अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका.